ऋण काढून शाळा

बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरकुशीत कपिलधार हे क्षेत्र वसलेले आहे. वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी तेथे असून कार्तिक महिन्यात मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून, तसेच कर्नाटक व तेलंगणातूनही, भाविकांच्या दिंड्या तेथे येतात. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा पाहण्यासाठी शहरांतील हौशी मंडळीही जातात. यात्रेकरू दर्शन घेऊन परततो, सहलीस आलेला छायाचित्र काढून परततो. परंतु या डोंगराच्या पायथ्याशी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जी माणसे बारा महिने राहतात, त्यांच्या घरांत जून महिन्यात एक प्रश्न येऊन बसतो आणि पाऊस उघडला तरी तो उठत नाही. बियाणे घ्यावे की मुलांची फी भरावी, हा तो प्रश्न होय. आज त्याविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. कारण तो कपिलधारचा असला तरी केवळ कपिलधारचा नाही.

आम्ही येथे कोणा एका कुटुंबाचे नाव घेत नाही. त्या टापूत जागोजाग आढळणाऱ्या घरांवरून वाचकांनी एक घर डोळ्यांपुढे आणावे. चार एकर कोरडवाहू जमीन. खरिपात सोयाबीन आणि कापूस. सोसायटीचे पीककर्ज थकलेले, म्हणून नव्या कर्जासाठी बँकेचे दार बंद. विहीर खोल करण्यासाठी आणि धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी काढलेले खासगी कर्ज डोक्यावर. मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत. दोघेही इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेत पिवळ्या गाडीतून जातात. फी, गाडीभाडे, गणवेश, पुस्तके असा सारा खर्च वर्षाकाठी तीस हजार धरू. बाप म्हणतो, ‘यंदा पोरांना गावच्या शाळेत घालू, कर्ज फिटले की पुन्हा पाहू.’ आई म्हणते, ‘आपण ऊस तोडला, पोरांनी तोडू नये. दागिना मोडा, पण शाळा मोडू नका.’ यांपैकी कोणाचे चुकते, हे उंबऱ्याबाहेरच्या माणसाने चटकन सांगू नये.

शहरातील सुशिक्षित माणूस मात्र ते चटकन सांगतो. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण त्याच्या तोंडी तयारच असते. ऐपत नसता इंग्रजी शाळेचा सोस कशाला, असे तो विचारतो आणि आपल्या मुलाला सोडण्यासाठी इंग्रजी शाळेच्या फाटकाकडे गाडी वळवतो. आम्हांस हा उपदेश अशोभनीय वाटतो. नगरपालिकेच्या आणि मराठी माध्यमाच्या शाळांतून आपली मुले प्रथम काढून घेतली ती आम्ही मध्यमवर्गीयांनी. शाळेची योग्यता तिच्या शिक्षकांवरून न ठरविता तिच्या माध्यमावरून, गणवेशावरून आणि फीच्या आकड्यावरून ठरविण्याचा पायंडाही आम्हीच पाडला. मोठी माणसे ज्या दाराने आत गेली, त्याच दाराशी आपले लेकरू नेऊन उभे करण्याची इच्छा कपिलधारच्या आईला झाली, तर त्यात तिचा मूर्खपणा नव्हे, आमचे अनुकरण आहे.

शिवाय तिच्या आग्रहामागे अनुभव आहे. ऊसतोडीसाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्या मजुरांचा जिल्हा म्हणून बीडची ओळख साऱ्या महाराष्ट्रास आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. आईबापांबरोबर मूल गेले की त्याचे अर्धे शैक्षणिक वर्ष उसाच्या पाचटात बुडते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना शासनाने काढली. परंतु आजीच्या स्वाधीन केलेले मूल आणि आईबापांपाशी वाढलेले मूल यांतील अंतर कोणत्याही योजनेने पुरते भरून निघत नाही. ज्या घराने ही वणवण एकदा भोगली, त्या घरास शाळेची फी ही चैन वाटत नाही. ती सुटकेची किंमत वाटते. ज्याला ही गोष्ट समजली नाही, त्याला या कुटुंबाच्या कर्जाविषयी बोलण्याचा अधिकार पोहोचत नाही.

परंतु सुटकेची म्हणून दिलेली किंमतच नवी बेडी ठरत नाही ना, हेही पाहिले पाहिजे. भावनेचा मान राखून आपण आकड्यांकडे वळू. तीस हजार रुपयांची फी भरण्यासाठी दर जूनमध्ये शेकडा तीन रुपये महिन्याने रक्कम उचलली, असे समजा. महिन्याला तीन म्हणजे वर्षाला छत्तीस. एका वर्षाच्या फीवर व्याज १०,८०० रुपये. पाच वर्षे हाच क्रम चालला आणि मुद्दल फिटले नाही, तर पाचव्या वर्षाच्या अखेरीस मुद्दल होते १,५०,००० रुपये आणि सरळव्याजाने हिशेब केला तरी व्याज होते १,६२,००० रुपये. एकूण बोजा ३,१२,००० रुपये. चक्रवाढीचा विचार आम्ही येथे केलेलाच नाही. व्याजाने मुद्दलाच्या पुढे जाऊ नये असा दामदुपटीचा जुना न्याय आपल्याकडे होता. येथे पाच वर्षांत ती मर्यादा ओलांडली जाते. आणि मुलगी अजून दहावीचीच परीक्षा देत असते, तर मुलगा सातवीतच असतो. खऱ्या अर्थाने खर्चाचे शिक्षण तर पुढेच आहे. ज्या चार एकरांच्या आधारावर ते व्हावयाचे, ते चार एकर तोपर्यंत सातबाऱ्यावर या घराच्या नावे राहतील काय, हा प्रश्न आईने स्वतःस विचारला पाहिजे.

या संकटात ऋतूचाही हात आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि शेतकऱ्याच्या हाती वर्षातील सर्वांत कमी पैसा त्याच महिन्यात असतो. मृगाचा पाऊस पडला की बियाणे, खत आणि नांगरट यांची निकड एकदम उभी राहते. सोयाबीन हाती येते दसरा-दिवाळीच्या सुमारास. कापसाची वेचणी त्याही पुढे चालते. नोकरदारास महिन्याच्या महिन्यास पगार मिळतो, म्हणून त्याला हप्ता भरता येतो. शेतकऱ्याचा पगार वर्षातून एकदा, आणि तोही पावसाने दिला तर. फीची तारीख मात्र नोकरदाराच्या पंचांगाप्रमाणे ठरलेली असते. सावकाराचा शिरकाव होतो तो या चारपाच महिन्यांच्या फटीतून. ग्रामीण भागातील खासगी शाळांनी फीचा मोठा हिस्सा सुगीनंतर, कार्तिकाच्या सुमारास घेण्याचे ठरविले, तर त्यांचे फारसे नुकसान न होता कित्येक घरांचे व्याज वाचेल. हे औदार्य नव्हे, साधा व्यवहार आहे.

खासगी शाळा या शब्दाचा अर्थ मराठवाड्यात पूर्वी काय होता, याचे स्मरण येथे देणे आवश्यक आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि मराठी मुलास मातृभाषेतून शिक्षण मिळणे दुरापास्त होते. त्या काळात हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेसारख्या किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या संस्था लोकांनी उभ्या केल्या. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी अध्यापन करीत होते. याच बीड जिल्ह्याच्या भूमीवर खासगी शाळा म्हणजे सरकारी उपेक्षेस समाजाने दिलेले उत्तर होते. शिक्षक तुटपुंज्या वेतनावर राबत आणि गावोगावच्या देणग्यांवर वर्गाचे छप्पर उभे राही. सातारा-कऱ्हाडकडे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीही गरिबास फी नव्हे, श्रम मागितले आणि त्याच्या मोबदल्यात विद्या दिली. आज स्वयंअर्थसहाय्यित शाळांना २०१२ च्या अधिनियमाने रीतसर वाट करून दिली आहे. त्यांपैकी काही उत्तम शिकवितात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याच्यापाशी नाही त्याच्यासाठी निघालेली खासगी शाळा आणि ज्याच्यापाशी आहे त्याच्यासाठी निघालेली खासगी शाळा, या दोन वस्तू नावाने एक असल्या तरी गुणाने एक नव्हेत.

शिक्षण फुकट आणि सक्तीचे असावे, ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाचा कैवार घेतला. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात आणि शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. नामदार गोखल्यांनी १९११ साली याच हेतूचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि पुढल्या वर्षी ते फेटाळले गेले. स्वतंत्र भारताच्या संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस दहा वर्षांत मोफत शिक्षण देण्याचा संकल्प सोडला. तो हक्क म्हणून संविधानात यावयास २००२ साल उजाडले आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. इतक्या लांबच्या वाटेने आलेला हा हक्क असता, कपिलधारच्या एका घरात फीसाठी दागिना मोडण्याची भाषा व्हावी, याचा अर्थ काय? कायदा आला, पण विश्वास आला नाही, हाच त्याचा अर्थ. फुकटची शाळा गावात आहे. आपले मूल तेथे शिकेल, हा भरवसा मात्र आईच्या मनात नाही.

या घराने काय करावे? केवळ सहानुभूती दाखवून थांबणे हे अग्रलेखाचे काम नव्हे, म्हणून आम्ही आमचे मत स्पष्ट सांगतो. फीसाठी सावकाराकडून नवे कर्ज काढू नये. फी उत्पन्नातून भरता येत असेल तर भरावी. व्याजाच्या पैशातून भरावी लागत असेल तर मुलांची शाळा वर्षअखेरीस बदलावी. हा पराभव आहे असे त्या आईबापांनी मानू नये. आधी जमीन वाचवावी. घर उभे राहिले तर शिक्षणही उभे राहील. ज्या घरास रोज सावकाराचा माणूस विचारीत येतो, त्या घरातील मुलाचे चित्त कोणत्याच माध्यमात लागत नाही.

आमच्या या मतास काही अटी आहेत. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची अट मुलीविषयी आहे. अशा प्रसंगी अनेक घरांत एक सोयीस्कर तोड काढली जाते : मुलाची शाळा चालू ठेवावयाची आणि मुलीस गावच्या शाळेत घालावयाचे. दोघांचा खर्च झेपत नाही, एकाचा झेपतो, असे म्हणून हा निवाडा होतो आणि तो नेहमी एकाच बाजूने होतो. आम्ही त्याचा स्पष्ट निषेध करतो. काटकसर करावयाची तर ती दोघांच्या बाबतीत सारखी झाली पाहिजे. सहावीतील मुलीस सारे कळते. आपल्या शिक्षणाची किंमत भावाच्या शिक्षणाहून कमी धरली गेली, हे ती जन्मभर विसरत नाही. आणि शाळेतून एकदा मागे ओढलेली मुलगी लग्नाच्या बोहल्यावर लवकर चढविली जाते, हे या जिल्ह्यास निराळे सांगावयास नको.

दुसरी अट अशी की, शाळा बदलण्यापूर्वी आपले हक्क जाणून घ्यावेत. खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखून ठेवण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात आहे. महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना त्यातून सूट दिली होती; मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द ठरविला. मात्र हा प्रवेश आरंभीच्या वर्गातच मिळतो. तिसरीतील आणि सहावीतील मुलांस त्याचा उपयोग नाही. त्यांच्या उपयोगाच्या तरतुदी निराळ्या आहेत. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकाने तत्काळ द्यावा आणि दाखल्यास विलंब झाला म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश नाकारू नये, असे तोच कायदा सांगतो. मुलाचा मानसिक छळही त्याने निषिद्ध मानला आहे. तेव्हा थकलेल्या फीसाठी वर्गात मुलास उभे करणे हा शिस्तीचा भाग नव्हे. फी ठरविण्याबाबत २०११ चा राज्याचा अधिनियम आहे. त्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फीचा प्रस्ताव आला पाहिजे आणि मान्य झालेली फी दोन शैक्षणिक वर्षे बंधनकारक राहते. आणि सावकाराविषयी म्हणाल तर, परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या कायद्यानुसार गुन्हा असून, अशा सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. हे हक्क कागदावर असले तरी कागद वाचता येणाऱ्या माणसाने ते शेजाऱ्यास वाचून दाखविले पाहिजेत.

तिसरी गोष्ट अटीपेक्षा दिलाशाची आहे. गावच्या शाळेत गेल्याने मुलांचे सारे मार्ग बंद होतात, हा समज खरा नाही. आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत जो यशस्वी होतो, त्यास नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आणि ही परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे, विनाअनुदानित शाळांतील मुलांसाठी नाही. म्हणजे जी वाट शाळा बदलल्याने बंद होईल असे आईस वाटते, त्यांतील एक तरी वाट शाळा बदलल्यानेच उघडते. पाचवीतून नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा देता येते. निवड झाल्यास राहणे, जेवण आणि शिक्षण मोफत. आज तिसरीत असलेल्या मुलास तयारीसाठी अजून अवधी आहे. राहिला प्रश्न इंग्रजीचा. राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० सालापासून शिकविला जात आहे. भाषा म्हणून इंग्रजी उत्तम यावी, याविषयी आमचा कोणाशीच वाद नाही. परंतु घरात कोणीही न बोलणाऱ्या भाषेतून गणित आणि विज्ञान शिकणारे मूल पुष्कळदा भाषाही शिकत नाही आणि विषयही शिकत नाही. ज्यांची समाधी कपिलधारला आहे त्या मन्मथस्वामींनी आपला ‘परमरहस्य’ ग्रंथ लोकांस कळावा अशा मराठीत लिहिला, हे तेथील पालकांनी आठवावे. गहन विषय आपल्या भाषेत मांडता येतो, याची साक्ष त्यांच्या दारातच आहे.

परंतु हा सारा उपदेश गावची शाळा खरोखर चालत असेल तरच खरा. जेथे दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात, जेथे रिक्त जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि जे शिक्षक आहेत त्यांस अध्यापनाखेरीज सतरा कामांस जुंपले जाते, तेथे मूल पाठवा म्हणणे ही फसवणूक ठरेल. कोठारी आयोगाने १९६६ साली आपल्या अहवालात परिसरातील सर्व मुलांसाठी एकच समान शाळा असावी असे सांगितले आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा असे सुचविले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलेच. त्यानंतर २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही त्याच सहा टक्क्यांचा पुनरुच्चार केला. चोपन्न वर्षांनंतर तोच आकडा ध्येय म्हणून पुन्हा लिहावा लागणे, हाच राज्यकर्त्यांच्या कर्तबगारीचा दाखला होय. जिल्हा परिषदेच्या शाळेवरील एक रिकामी शिक्षकाची जागा म्हणजे गावातील अनेक घरांवर बसविलेला फीचा कर आहे, ही गोष्ट मंत्रालयाने ध्यानात घ्यावी.

पालकांच्या हातीही काही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे शिक्षण हक्क कायदा म्हणतो. जी आई मुलांच्या शाळेसाठी दागिना मोडावयास निघाली, ती या समितीत बसली आणि शिक्षक का नाही, असा जाब विचारू लागली, तर त्या गावच्या शाळेस ऊर्जितावस्था येण्यास वेळ लागणार नाही. एका घराने शाळा बदलली तर ती त्या घराची अडचण ठरते. दहा घरांनी विचार करून एकदम बदलली तर ती गावाची चळवळ होते. आमच्या मध्यमवर्गाने सार्वजनिक शाळा सोडली तेव्हा तिचा आवाज गेला. तो आवाज परत देण्याचे काम आता ही कर्जबाजारी घरे करतील, असे दिसते. त्यात आम्हां सुशिक्षितांस अभिमान वाटावा असे काही नाही. लाज वाटावी असे पुष्कळ आहे.

येत्या कार्तिकात कपिलधारला पुन्हा दिंड्या येतील. तोपर्यंत सोयाबीन निघालेले असेल आणि त्या घरातील नवराबायको दिव्याशी बसून पुन्हा एकदा बेरीज-वजाबाकी करीत असतील. त्यांनी काढलेला निर्णय काहीही असो, तो घेण्याचा अधिकार त्यांचा आहे. आमची मागणी एवढीच की, फुकट शाळा आणि चांगली शाळा या दोन निराळ्या जागा असल्यामुळे त्यांच्यावर ही पाळी आली, हे समाजाने विसरू नये. त्या दोन जागा एक करणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि ते करवून घेणे हे आमचे. मुलांच्या शिक्षणासाठी आईबापांनी कष्ट उपसावेत, हे योग्यच आहे. परंतु चौदा वर्षांखालील मुलास लिहिणे-वाचणे शिकविण्यासाठी ज्या राज्यात बापास जमीन गहाण टाकावी लागते, त्या राज्याने फुले-शाहूंचे नाव जरा बिचकूनच घ्यावे.